झटक्यानंतरचा तिसरा दिवस : राज्यातील हृदयरोगतज्ज्ञांना एका औषध दुकानदाराचे खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील हृदयरोगतज्ज्ञ आणि हृदयविभाग चालवणाऱ्या रुग्णालयांचे व्यवस्थापक यांस,

सविनय नमस्कार.

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी मी गेली २६ वर्षे औषधांचे दुकान चालवते. अँजिओप्लास्टीची, म्हणजे हृदयाची अडलेली रक्तवाहिनी मोकळी करण्याची, सोय असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय आमच्यापासून ९० किलोमीटरवर आहे. तिथून सुटलेला माणूस एसटीतून किंवा भाड्याच्या जीपमधून उतरला की घरी जाण्याआधी बहुधा माझ्या दुकानाच्या पायरीशी थांबतो आणि त्याच्यासोबतचा मुलगा किंवा जावई प्लॅस्टिकच्या पिशवीतून डिस्चार्ज कार्ड काढून काउंटरवर ठेवतो. दाखल झाल्याची आणि घरी सोडल्याची अशा दोन तारखा त्या कार्डावर शेजारी-शेजारी छापलेल्या असतात. पूर्वी त्या दोहोंत सहा-सात दिवसांचे अंतर असे. आता ते दोन-तीन दिवसांवर आले आहे, आणि हृदयविकाराच्या झटक्यानंतर इतक्या लवकर घरी सोडणे आमच्या भागात कितपत सुरक्षित आहे, याविषयी आपल्याशी चार शब्द बोलावेत म्हणून हे पत्र लिहीत आहे.

रुग्णाला जास्त दिवस ठेवून घ्या, असे मला म्हणायचे नाही, हे आधीच स्पष्ट करते. एके काळी झटका आलेल्या माणसाला सहा-सहा आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना सप्टेंबर १९५५ मध्ये झटका आला तेव्हा ते जवळजवळ सात आठवडे डेन्व्हरच्या लष्करी रुग्णालयात होते. हृदयाला विश्रांती म्हणून दिलेल्या त्या अंथरुणाने किती माणसांच्या पायांच्या शिरांत गुठळ्या झाल्या आणि त्या फुप्फुसात जाऊन किती जण दगावले, याचा हिशेब नाही. बोस्टनच्या सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन या डॉक्टरांनी १९५२ साली रुग्णाला पलंगावरून उठवून खुर्चीत बसवावे असे मांडले, तेव्हा ते धाडसाचे वाटले होते. पुढे ॲस्पिरिन आणि गुठळी विरघळवणारी स्ट्रेप्टोकायनेज यांनी मृत्यू किती कमी होतात हे १९८८ मध्ये १७ हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासाने दाखवले. त्यानंतर अडलेली रक्तवाहिनी फुग्याने आणि स्टेंटने, म्हणजे आत बसवलेल्या बारीक जाळीदार नळीने, तासाभरात मोकळी करण्याची पद्धत रुळली, आणि आठवडेच्या आठवडे ठेवून घेण्याचे कारणच उरले नाही. माझे वडील १९९४ साली बारा दिवस रुग्णालयात होते आणि ते बारा दिवस आई व्हरांड्यात सतरंजीवर झोपली होती. ते दिवस परत यावेत असे मला मुळीच वाटत नाही. शिवाय ज्या खाटेवर बरा झालेला माणूस उगाच पडून आहे, तिची वाट पाहणारा दुसरा कोणी रुग्णवाहिकेतून निघालेला असतो, हेही मला समजते.

प्रश्न असा आहे की लवकर घरी सोडणे सुरक्षित ठरल्याचे ज्या अभ्यासांनी दाखवले, त्यांनी ते कोणाच्या बाबतीत आणि कोणत्या अटींवर दाखवले. आपल्याला हे माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे, तरी पत्र इतरही वाचतील म्हणून लिहिते. अँजिओप्लास्टीनंतर तिसऱ्या दिवशी घरी सोडण्याचा १९९८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास फक्त कमी जोखमीच्या रुग्णांपुरता होता. वय सत्तरच्या आत, हृदयाची रक्त बाहेर टाकण्याची क्षमता, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, ४५ टक्क्यांहून जास्त, एक किंवा दोनच रक्तवाहिन्यांत अडथळा, अँजिओप्लास्टी यशस्वी आणि ठोक्यांची लय बिघडलेली नाही, अशांनाच त्यात कमी जोखमीचे मानले होते. २००४ मध्ये नेदरलँड्समधील झ्वोले येथील डॉक्टरांनी एक साधी गुणपद्धत मांडली. तिच्यात छातीत पाणी साचल्याची चिन्हे दिसली तर चार किंवा अधिक गुण, वय साठ किंवा त्याहून जास्त असेल तर दोन, झटका हृदयाच्या पुढच्या भिंतीचा असेल तर एक, तिन्ही रक्तवाहिन्या खराब असतील तर एक, दुखणे सुरू झाल्यापासून रक्तवाहिनी मोकळी होईपर्यंत चार तासांहून जास्त गेले असतील तर एक, आणि अँजिओप्लास्टीनंतरही प्रवाह पुरता आला नसेल तर एक-दोन असे गुण मिळतात. बेरीज तीन किंवा त्याहून कमी आली तर माणूस दोन-तीन दिवसांत घरी जाऊ शकतो. त्यांच्या रुग्णांपैकी सुमारे तीन चतुर्थांश रुग्ण या कमी जोखमीच्या गटात बसले आणि त्या गटात पुढच्या काही दिवसांत मृत्यू अगदीच थोडे झाले. युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत ४८ ते ७२ तासांत घरी सोडण्याला अनुकूलता दाखवली, तीसुद्धा निवडक, कमी जोखमीच्या रुग्णांसाठी, आणि पुनर्वसन व पाठपुरावा यांची सोय आधीच झालेली असेल तर.

या ‘असेल तर’पाशी मी थोडी थांबते. करोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, लंडनच्या बार्ट्स हार्ट सेंटरने याहून पुढचे पाऊल टाकले आणि निवडलेल्या सुमारे ६०० रुग्णांना ४८ तासांच्या आतच, बहुतेकांना एका दिवसाच्या आसपास, घरी पाठवले. निष्कर्ष चांगले आले आणि आपल्याकडच्या व्याख्यानांत त्यांचा उल्लेख होत असेल तर ते योग्यच आहे. पण त्या रुग्णांना घरी पोहोचल्यावर ४८ तासांच्या आत हृदय-पुनर्वसन विभागातून फोन येत होता आणि पुढील काही आठवडेही ठरवून दूरध्वनीवरून विचारपूस होत होती. म्हणजे त्या रुग्णाची देखरेख घरी गेल्यावरही चालू होती, फक्त खाट बदलली होती. आमच्याकडे घरी सोडल्याची वेळ तेवढी लंडनसारखी झाली आहे.

दुसरी गोष्ट आमच्या रुग्णाची. भारतातील ५० शहरांतील ८९ रुग्णालयांच्या, २० हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी २००८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या. रक्तवाहिनी पूर्ण बंद होऊन येणाऱ्या मोठ्या झटक्याच्या रुग्णांपैकी निम्म्यांना दुखणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचायला त्यात ३०० मिनिटे, म्हणजे पाच तास किंवा त्याहून जास्त लागले होते. गरीब रुग्णांना महत्त्वाचे उपचार कमी मिळाले आणि ते जास्त दगावले, हेही त्याच नोंदींत आहे. मध्यंतरी बरेच सुधारले. २०१४ पासून १०८ ची गाडी येते, ग्रामीण रुग्णालयात ईसीजी निघतो. तरीही आमच्या तालुक्यातला शेतकरी पहाटे छातीत दुखू लागले तर आधी पित्त समजून सोडा पितो, उजाडेपर्यंत वाट पाहतो, मग गावातल्या डॉक्टरकडे जातो आणि तिथून पुढचा ९० किलोमीटरचा रस्ता धरतो. झ्वोलेच्या हिशेबाने उशिराचा एक गुण तो आपल्या दारात पाऊल टाकतानाच घेऊन येतो. तेव्हा तिथे चारांतले तीन कमी जोखमीचे निघाले म्हणून इथेही तेवढेच निघतील, असे धरून चालता येणार नाही.

माझ्या थोरल्या दिरांची हकिगत सांगते. रुग्णालयाचे नाव सांगणार नाही, कारण तिथल्या डॉक्टरांनी त्यांचा जीव वाचवला, आणि जे घडले ते कोणत्याही रुग्णालयात घडू शकले असते. दीर ६३ वर्षांचे. आमच्या गावापासून १४ किलोमीटरवर त्यांचे शेत आणि घर. गेल्या श्रावणात एका गुरुवारी पहाटे चारला त्यांच्या छातीत दुखू लागले आणि दुपारी बाराच्या सुमारास स्टेंट बसला. सरकारी योजनेतून उपचार झाले, घरच्यांना पैसा खर्च करावा लागला नाही. शनिवारी दुपारी त्यांना घरी सोडले. कार्डावर पुढच्या भिंतीचा झटका, इजेक्शन फ्रॅक्शन ३८ टक्के, सात दिवसांनी ओपीडीत दाखवणे असे लिहिले होते. त्याखाली नऊ औषधे, सगळी इंग्रजीत, आणि सोबत दोन दिवसांच्या गोळ्या.

रविवारी रात्री पुतण्याने कार्डाचा फोटो पाठवला आणि विचारले, “काकू, यातली तिसरी गोळी तुमच्याकडे मिळेल का? इथल्या मेडिकलवाल्याने नावच ऐकलेले नाही.” ती गोळी टिकाग्रेलॉर होती. स्टेंटमध्ये रक्त गोठू नये म्हणून ॲस्पिरिनच्या जोडीने दिवसातून दोनदा घ्यायची ही गोळी, आणि तीही साधारण वर्षभर. स्टेंटमध्ये पुन्हा गुठळी होण्याचा धोका पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त असतो आणि या दोन गोळ्यांत खंड पडणे हे त्याचे फार मोठे कारण, हे मी आपल्याला सांगायला नको. माझ्याही दुकानात ती नव्हती. खपत नाही, मुदत संपते, म्हणून आमच्यासारखे दुकानदार ती ठेवत नाहीत. सोमवारी सकाळी जिल्ह्याच्या स्टॉकिस्टला फोन केला, त्याने दुपारच्या एसटीच्या कंडक्टरजवळ पुडके दिले, ते संध्याकाळी पुतण्याने नेले. एक वेळची गोळी चुकली ती चुकलीच.

पुडके देताना मी माझ्या परीने शहाणपणा केला. या गोळीने काही जणांना धाप लागल्यासारखे होते, घाबरू नका, मनाने बंद करू नका, असे पुतण्याला बजावले. गोळीच्या माहितीपत्रकात तसे आहे आणि त्या धापेला घाबरून गोळी सोडणारे रुग्ण मी पाहिले आहेत. मंगळवारी रात्री दिरांना धाप लागली. आडवे झाले की दम कोंडे, म्हणून भिंतीला पाठ लावून बसून राहिले. घरच्यांनी माझे शब्द आठवले, गोळीची धाप आहे असे एकमेकांना सांगितले आणि रात्र काढली. तरी पुतण्याने अकराच्या सुमारास कार्डावरच्या नंबरला फोन लावला होता. तो स्वागतकक्षाचा नंबर होता. “सकाळी ओपीडीत घेऊन या,” एवढे उत्तर मिळाले. फोन उचलणाऱ्या मुलीचा यात काही दोष नाही. तिला कोणी दुसरे काही सांगायला शिकवलेले नसणार.

गोळीने लागणारी धाप सहसा सौम्य असते आणि आडवे झाल्याने वाढत नाही. आडवे होताच कोंडणारा आणि उठून बसल्यावर हलका होणारा दम म्हणजे अशक्त झालेले हृदय रक्त पुढे ढकलू शकत नसल्याने फुप्फुसात साचणारे पाणी. हा फरक मला माहीत होता, पण पुतण्याला अर्धेच सांगितले. चूक माझी होती आणि ती मी टाळणार नाही. बुधवारी सकाळी त्यांना पुन्हा ९० किलोमीटर नेले. लघवी वाढवणारी इंजेक्शने, ऑक्सिजन, सहा दिवस मुक्काम, आणि मग घरी. बुधवारी रात्री तिथल्या व्हरांड्यात बसून मी कार्डाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने झ्वोलेचे गुण मांडले. वयाचे दोन, पुढच्या भिंतीचा एक, उशिराचा एक. चार. शिवाय इजेक्शन फ्रॅक्शन ४५ च्या बरेच खाली. कोणत्याही मोजणीने ते दोन दिवसांत घरी जाण्याच्या यादीत बसत नव्हते. कदाचित खाटा भरल्या असतील. कदाचित दिरांनीच “घरी जाऊ द्या, बैलांना कोणी नाही” म्हणून घाई केली असेल, कारण त्यांचा स्वभाव मला ठाऊक आहे. पण त्यांना जाऊ देण्यापूर्वी कोणीतरी हे गुण मोजले होते का, हे कार्डावरून कळायला काही मार्ग नव्हता.

एका घरची गोष्ट म्हणून आपण ती बाजूला ठेवली तरी काउंटरवर येणारी कार्डे बाजूला ठेवता येत नाहीत. अँजिओग्राफीच्या रंगद्रव्याचा मूत्रपिंडावर ताण येतो म्हणून मधुमेहाची मेटफॉर्मिन काही रुग्णांची थांबवली जाते. ती पुन्हा कधी सुरू करायची हे कार्डावर नसते, मग रुग्ण एक तर ती महिनाभर घेत नाही किंवा त्याच रात्री घेतो. मूत्रपिंडावरचा परिणाम रक्तात दिसायला दोन-तीन दिवस लागतात, आणि ते दोन-तीन दिवस आता रुग्ण घरी असतो, तेव्हा क्रिएटिनिनची तपासणी कोणी सांगितलेली नसते. आधीपासून गावातल्या डॉक्टरांची रक्त पातळ करणारी जोडगोळी घेणाऱ्याला नव्या कार्डावर त्याच औषधाचे दुसऱ्या कंपनीचे नाव दिसते आणि तो दोन्ही घेतो. झटक्यानंतर चौथ्या दिवशी एक गृहस्थ गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक मागायला आले होते. झटक्यानंतर ही वेदनाशामक गोळी धोक्याची, पण नेहमीची म्हणून मी हात घातलाच होता, तेवढ्यात त्यांच्या मनगटावरची पट्टी दिसली आणि हात मागे घेतला. मनगटाऐवजी जांघेतून अँजिओप्लास्टी झाली असती तर मला काही कळले नसते.

कार्डावर ‘अतिश्रम टाळावेत’ असे इंग्रजीत लिहिलेले असते. आमच्याकडचा माणूस विचारतो, रात्रपाळीच्या विजेला मोटार चालू करायला विहिरीवर जाऊ का? शेण काढू का? मोटारसायकलवर मागे बसू का? पन्नास किलोचे पोते उचलू नये एवढे त्याला कळते. पाण्याची कळशी चालेल का, हे कळत नाही. आणि ही उत्तरे रुग्णालयात सातव्या दिवसापर्यंत राहिलेल्या माणसाला कधी सिस्टर, कधी शेजारच्या खाटेवरचा अनुभवी रुग्ण, कधी राउंडवर आलेले कनिष्ठ डॉक्टर यांच्याकडून हळूहळू मिळत. मुक्काम चार दिवसांनी कमी झाला, तेव्हा शिकण्याचे हे चार दिवसही गेले, आणि त्यांच्या जागी दुसरे काही आले नाही. खासगी विमा असलेल्या रुग्णाला कंपनीच्या मंजुरीसाठी सहा-सहा तास खाटेवर ताटकळत ठेवतात. त्या सहा तासांत औषधे समजावून सांगायला कोणाला सहा मिनिटे मिळत नाहीत, हे मला नेहमीच नवल वाटते.

पैशाचा भागही बोलायला हवा. योजनेत उपचाराची रक्कम पॅकेजने ठरलेली असते. रुग्ण दोन दिवस राहिला काय आणि सहा दिवस राहिला काय, रुग्णालयाला तेवढेच मिळते. यावरून कोणी केवळ पैशासाठी रुग्णाला घाईने घालवते, असा आरोप मी करत नाही. पण ओढ कोणत्या दिशेला आहे हे लपलेले नाही, आणि जिथे ओढ असते तिथे नियमही लागतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे पॅकेज दाखल झाल्यापासून घरी सोडल्यानंतरच्या १० दिवसांपर्यंतचे आहे, केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत ही मुदत १५ दिवस आहे. रुग्णाला घरी जाण्यासाठी एकदा एसटीचे भाडे द्यावे, इतका बारीक विचार राज्याच्या योजनेत केलेला आहे आणि त्याचे मला कौतुक आहे. मात्र जी गोळी १२ महिने घ्यायची तिची जबाबदारी दहाव्या-पंधराव्या दिवशी संपते, आणि मुक्काम जितका आखूड तितका हा उरलेला काळ लांब. स्टेंटच्या किमतीवर २०१७ मध्ये सरकारने मर्यादा आणली तेव्हा मोठी चर्चा झाली. तो स्टेंट उघडा ठेवणाऱ्या गोळीच्या दुसऱ्या महिन्याबद्दल तेवढी चर्चा मी ऐकली नाही.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे की रुग्णाला घरी सोडण्याचा निर्णय तासांवर न घेता, गुणांवर आणि घराच्या अंतरावर घ्यावा, आणि तो कसा घेतला हे कार्डावर लिहावे. झ्वोलेचे गुण किंवा आपण मानता ती दुसरी कोणतीही मोजणी, इजेक्शन फ्रॅक्शन, सोडतानाचे वजन, क्रिएटिनिन आणि मनगटातून की जांघेतून अँजिओप्लास्टी केली, एवढे एका चौकटीत आले तर गावातला एमबीबीएस डॉक्टर आणि माझ्यासारखी दुकानदार, दोघांनाही पुढे काय पाहायचे ते कळेल. मोजणीत गुण जास्त आले आणि तरीही खाटेअभावी किंवा नातेवाइकांच्या आग्रहाने सोडावे लागले, तर तसे लिहा. ‘डामा’च्या, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्णाला नेत असल्याच्या, कागदावर नातेवाइकांची सही घेताना जेवढी तत्परता असते, तेवढी इथेही शक्य आहे. ज्याचे घर ९० किलोमीटरवर आहे त्याच्यासाठी तिसऱ्या दिवसाचा नियम आणि रुग्णालयाच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्यासाठीचा नियम एकच असू शकत नाही.

घरी सोडल्यावर ४८ तासांच्या आत एक फोन जावा, हे सर्वांत महत्त्वाचे. तो डॉक्टरांनीच करायला हवा असे नाही. प्रशिक्षित सिस्टरने मराठीत पाच प्रश्न विचारावेत: दोन्ही रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतल्या का, उद्याच्या आहेत का, आडवे झाल्यावर दम लागतो का, पाय सुजले का, छातीत पुन्हा दुखले का. दिरांना शनिवारी सोडले. सोमवारी असा फोन आला असता तर गोळी संपल्याचे कळले असते. आणि रात्री धाप लागली तर काय करायचे हे त्यांना आधीच सांगितलेले असते, माझ्या अर्धवट माहितीवर विसंबावे लागले नसते. कार्डावरचा नंबर रात्री अकराला अशा माणसाने उचलावा, ज्याला निदान ‘आत्ता निघा, १०८ बोलवा’ आणि ‘उद्या या’ यांतला फरक करण्याची मुभा आणि माहिती आहे.

सोडताना ३० दिवसांच्या गोळ्या हातात द्या. योजनेतून दहा दिवसांच्याच बसत असतील, तर उरलेल्या वीस दिवसांच्या चिठ्ठीवर अशी गोळी लिहा जी तालुक्यात मिळते, किंवा जेनेरिक नाव लिहा म्हणजे जनऔषधीच्या दुकानातूनही घेता येईल. टिकाग्रेलॉर काही रुग्णांना त्याच कामाच्या जुन्या क्लोपिडोग्रेल या गोळीपेक्षा चांगली, हे मान्य आहे. पण मिळत नसलेली चांगली गोळी आणि मिळणारी बरी गोळी यांतून कोणती निवडायची हा निर्णय आपण रुग्णाचा पत्ता वाचून घ्यावा, एवढेच म्हणते. सातव्या दिवसाची तपासणी ९० किलोमीटरवर ठेवण्याऐवजी जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात ईसीजी, रक्तदाब आणि क्रिएटिनिन करून अहवाल आपल्याकडे पाठवता येणार नाही का? योजना चालवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या वाचनात हे पत्र आले, तर त्यांनीही या प्रश्नाचा विचार करावा.

आणि कार्डासोबत मराठीत एक पान असू द्या, मोठ्या अक्षरांत. गोळीचे नाव, ती कशासाठी, किती महिने, कोणी बंद करा म्हटले तरी कोणती करायची नाही, आणि विहिरीवर कधी जायचे. दातांच्या डॉक्टरने दाढ काढण्यासाठी रक्त पातळ करणारी गोळी बंद करायला सांगितली आणि रुग्णाने ती परस्पर बंद केली, असे माझ्यासमोर दोनदा झाले आहे. अशा वेळी दाखवायला त्याच्या खिशात आपल्या सहीचा कागद हवा.

माझ्या बाजूने मी काय करू शकते तेही सांगते. आमच्या तालुक्यातल्या औषध दुकानदारांपैकी चौघांनी मिळून ठरवले आहे की टिकाग्रेलॉर आणि त्याच कामाची प्रासुग्रेल यांची किमान दोन पाकिटे आळीपाळीने कोणाकडे तरी असतील आणि मुदत संपत आली तर नुकसान चौघे वाटून घेऊ. आमचे चार फोन नंबर आम्ही ९० किलोमीटरवरच्या त्या रुग्णालयाच्या हृदयविभागाला वेगळ्या पत्राने कळवले आहेत. आमच्या भागातला रुग्ण तिथून निघण्याआधी कोणी एक फोन केला आणि गोळ्यांची नावे सांगितली, तर तो एसटीतून उतरेपर्यंत त्याच्या गोळ्या काउंटरवर काढून ठेवलेल्या असतील. रविवारीसुद्धा.

आपली विश्वासू,
तालुक्याच्या गावातील एक औषध दुकानदार